शेतकऱ्यांचे आधार-पासबुक माझ्या स्वतःच्या गुगल ड्राइव्हवर आहेत, आता काय करू?

घाटंजीचा_हिशोबनीस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं कापूस, सोयाबीन, विम्याचेच धागे जास्त असतात पण हा विषय चार दिवसांपासून डोक्यातून जाऊन नाही राहिला म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशोब आणि कॉम्प्युटरचं काम पाहतो, चार वर्षं झाली. सभासद साडेसहाशेच्या वर. शेअरचे फॉर्म, आधार, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, आठ-अ, हे सगळं मी माझ्या मोबाइलनं फोटो काढून माझ्याच जीमेलच्या ड्राइव्हवर ठेवत आलो, एकेका गावाचा एकेक फोल्डर. कंपनीचा एक ईमेल आहे पण तो नोंदणीच्या वेळी सीएकडच्या पोरानं काढला, त्याचा पासवर्ड आजपर्यंत आमच्यापाशी नाही. कोणी मला सांगितलं नव्हतं असं कर म्हणून, आणि कोणी नकोही म्हटलं नाही. काम सुरू झालं तेव्हा हाती जे होतं त्यातच केलं.

आता झालं ते सांगतो. गेल्या रविवारी घरी बहिणीच्या साक्षगंधाची बोलणी होती. पाहुणे बसलेले, पोहे झाले, चहा यायचा होता, टीव्ही नुसताच चालू होता. थोड्या वेळानं त्याच्यावर आपोआप फोटो फिरायला लागले, पोराच्या वाढदिवसाचे, तुरीच्या वावरातले, आणि मग एकदम बावन्न इंची टीव्हीभर एका म्हातारीचं पासबुक. नाव, खाते नंबर, बँकेचा शिक्का, आणि पान धरून ठेवलेला तिचाच अंगठा, नखात निळी शाई अजून तशीच. दुसऱ्या क्षणाला तिचं आधार, पूर्ण बारा आकडे. पाहुण्यांतले एक काका त्याच गावचे. ते पुढे वाकून म्हणाले, "हे तं आमच्या काकूचं पासबुक होय ना जी?" मी उठून बटन बंद केलं. कोणी काही बोललं नाही पण मला त्यानंतर चहा गेला नाही.

पोरानं टीव्हीला माझंच खातं जोडलं होतं. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप बॅकअप होतात, घरचे आणि ऑफिसचे एकाच ठिकाणी. ते त्याला काय माहीत.

मग रात्री बसून ड्राइव्ह पाह्यला तर त्याहून वाईट. खरेदीच्या हंगामात वजनकाट्यावरच्या पोरांना यादी लागते म्हणून तीन फोल्डर मी 'लिंक असलेले कोणीही' असे उघडे केले होते आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. ग्रुपमध्ये चाळीस जण. त्यातले निम्मे आता आमच्याकडे कामालाही नाहीत, एक जण तर व्यापाऱ्याकडे लागला. लिंक दोन वर्षांपासून उघडीच. ती त्याच रात्री बंद केली.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कायदा याच्यात काय म्हणतो? आणि हे सगळं माझ्या खात्यातून काढून नीट जागी कसं न्यायचं? काट्यावरचं काम तर थांबवता येत नाही.

सेलूचा_सोयाबीनवाला

भाऊ एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या वर्धा जिल्ह्यात कोण नाही करत असं? पतसंस्था घ्या, दूध संकलन घ्या, बचत गट घ्या, सगळं कोणाच्या ना कोणाच्या जीमेलवरच चालू हाये. आणि खरं सांगू का, आमच्या सोसायटीतल्या लोखंडी कपाटापेक्षा गुगल बरं. कपाटाची चावी खिळ्याले टांगलेली राहते, दोन वर्षांमागं पाणी शिरलं तं अर्धे फॉर्म लगदा झाले. गुगलवरचं भिजत तं नाही.

घाटंजीचा_हिशोबनीस

भिजत नाही हे खरं आहे दादा, आणि मी पण चार वर्षं हेच म्हणत होतो. गुगलच्या कुलपाबद्दल माझी तक्रार नाहीच. पण त्या कुलपाची किल्ली माझ्या एकट्याच्या खिशात आहे, माझ्या घरच्या टीव्हीत आहे, पोरगा गेम खेळतो त्या जुन्या फोनमध्ये आहे. त्या म्हातारीनं कागद कंपनीला दिला होता, माझ्या घराला दिला नव्हता.

वणीचा_वकील

धागाकर्ते, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजेच कायद्याचा गाभा आहे, तेव्हा तिथूनच सुरू करतो. लांब लिहितो कारण याबद्दल अर्धवट माहिती फार फिरून राहिली.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. नियम आले म्हणजे सगळं लगेच लागू झालं असं नाही, संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तोवर जुना आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच, त्याच्या कलम ४३अ खाली बँक खात्याची माहिती, आरोग्याची माहिती, बोटांचे ठसे ही संवेदनशील माहिती धरली आहे आणि ती निष्काळजीपणे ठेवून कोणाचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. म्हणून 'अजून वेळ आहे' असं धरून बसू नका.

आता तुमच्यापुरतं. या कायद्यात ज्याची माहिती आहे तो एक, आणि ती माहिती कशासाठी व कशी वापरायची हे जो ठरवतो तो दुसरा, त्याला डेटा फिड्युशरी म्हणतात. तुमच्या बाबतीत तो दुसरा म्हणजे तुमची कंपनी. तुम्ही नाही. माहिती कोणाच्याही खात्यात पडलेली असो, जबाबदारी कंपनीवरून हटत नाही. संचालक म्हणतील 'आम्हाला माहीत नव्हतं, पोरगं स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवत होतं', तर ते उत्तर चालणार नाही, उलट तेच त्यांच्या विरुद्ध जाईल.

अजून एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. पण खातं खासगी आहे म्हणून त्यातलं काम खासगी होत नाही. भाचीच्या लग्नाची यादी तुमच्या ड्राइव्हवर असेल तर कायदा विचारणार नाही, सभासदांची यादी असेल तर विचारेल. आणि कागद होता, आम्ही नुसता फोटो काढला, हेही चालत नाही, कागदावरून डिजिटल केलं की ते कायद्यात आलंच.

सेलूचा_सोयाबीनवाला

वकील साहेब या कायद्यात अडीचशे कोटी दंड हाये म्हणते लोक, ते खरं हाये का? आमच्या पतसंस्थेची पूर्ण उलाढाल तेवढी नाही बाप्पा.

वणीचा_वकील

आकडा खरा आहे पण तो कमाल आहे. माहिती सांभाळायची पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत, आणि माहिती फुटल्यावर कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. या कायद्याखालचं डेटा संरक्षण मंडळ दंड ठरवताना चूक किती गंभीर, किती दिवस चालली, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं, दंड त्या माणसाला झेपेल का, हे पाहणार आहे. म्हणून रात्रीच लिंक बंद केली हे धागाकर्त्यांनी चांगलं केलं, फक्त कधी बंद केली, कोणते फोल्डर होते हे एका कागदावर तारखेनिशी लिहून ठेवा आणि संचालकांना लेखी द्या. नियमांत असं आहे की माहिती फुटली तर ज्यांची आहे त्यांना विनाविलंब साध्या भाषेत सांगायचं आणि मंडळाला सविस्तर ७२ तासांच्या आत. ती सवय आत्तापासून लावा.

आणि 'फुटणं' म्हणजे नुसती चोरी नाही. चुकून दाखवली गेली तरी ते आलं, आणि आपलीच माहिती आपल्याला मिळेनाशी झाली तरी तेही कायद्यानं त्यातच धरलंय.

दारव्हा_टू_पुणे

वकील साहेबांच्या शेवटच्या ओळीवरून एक सांगतो. मी पुण्यात आयटीत आहे पण घर दारव्ह्याचं. आमच्या गावाजवळच्या एका संस्थेत एक ऑपरेटर होता, हुशार पोरगा, दहा-बारा गावांचं काम एकट्यानं ओढायचा. तीन वर्षांमागं मोटरसायकलच्या अपघातात गेला. संस्थेचा सगळा रेकॉर्ड त्याच्या जीमेलमध्ये. फोन फुटलेला, सिम त्याच्या नावाचं. संस्थेचे लोक त्याच्या बायकोकडे गेले, दहावा पण झाला नव्हता, आणि तिला म्हणून राहिले की ओटीपी येईल तो सांगा, नवीन सिम काढायला सही द्या. मी तेव्हा गावातच होतो. ती बाई ओट्यावर बसली होती, हातात त्याचं आधार कार्ड, आणि हे चौघं समोर उभे. तिला काहीच समजून नाही राहिलं की हे कोणता पासवर्ड मागतात. खातं शेवटी उघडलंच नाही. दोन वर्षं कोणी वापरलं नाही तर गुगल असं बंद पडलेलं खातं काढूनही टाकू शकतं. संस्थेनं परत गावोगाव फिरून कागद गोळा केले, लोक म्हणत एकदा दिले ना, आता काहून मागता.

संस्थेवर माझा राग नाही, तिथं कोणी वाईट नव्हतं. पण कामाचं खातं माणसाच्या नावावर असलं की माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांनाही त्रास होतो, ते कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही म्हणून सांगितलं.

मेळघाटची_आशा

मी आशा आहे धारणी तालुक्यात. हा धागा वाचून मला रडायला आलं खरं सांगते. माझ्या फोनमध्ये काय नाही? गरोदर बायांची यादी, कोणाचं हिमोग्लोबिन किती, कोणाचं कितवं बाळंतपण, माता-बाल संरक्षण कार्डाचे फोटो, कमी वजनाच्या लेकरांचे फोटो काट्यावर ठेवलेले, उघडे. वरून ग्रुपवर मेसेज येतो फोटो टाका लवकर, मी टाकते, नाही टाकला तर आठवण येते. फोन माझा, रिचार्ज माझा, नेटवर्कसाठी टेकडीवर चढणं माझं. मग जबाबदारी कोणाची? माझा नवरा पण तोच फोन वापरतो, गावातल्या बायांचं सगळं त्याला दिसते. एका बाईनं मला विश्वासानं काही सांगितलं होतं, ते मी लिहून ठेवलं नाही कुठंच, फक्त त्याच भीतीनं.

वणीचा_वकील

ताई, जबाबदारी यंत्रणेची, तुमची नाही. तुम्ही घाबरू नका. पण तुम्ही जे शेवटी लिहिलं, ते न लिहून ठेवणं, तो तुमचा निर्णय बरोबर होता. कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी आईबापाची पक्की संमती हा नियम आहे, आरोग्य सेवेला त्यात काही सूट आहे पण सूट कामापुरती असते, चाळीस जणांच्या ग्रुपपुरती नसते. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे, कोणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. तुमच्या गटप्रवर्तक ताईंना लेखी विचारा की फोटो नेमका कोणत्या अ‍ॅपमध्ये टाकायचा आहे, ग्रुपवर का. लेखी विचारलं की बरेचदा ग्रुपची मागणी आपोआप थांबते.

दारव्हा_टू_पुणे

ताई दोन गोष्टी आजच करा, पैसे लागत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा आणि गॅलरीत दिसणं पण बंद करा. दुसरं, गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअप बंद करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपला वेगळं कुलूप लावायची सोय आहे, ते लावा, म्हणजे घरात फोन फिरला तरी ग्रुप उघडत नाही. लेकराचं वजन टाकायचं असेल तर नुसत्या काट्याच्या आकड्याचा फोटो चालतो का ते विचारून पहा, चेहरा कशाला.

मेळघाटची_आशा

केलं. भाचा आला होता त्यानं करून दिलं. काट्याच्या आकड्याचं विचारते उद्याच्या मीटिंगमध्ये.

परिचालक_रिसोड

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. सरकारी कामाचं सांगतो कारण आमच्याकडे हे बऱ्याच जणांना माहीत नाही. जून २०२२ मध्ये केंद्राच्या एनआयसीनं (सरकारी कॉम्प्युटर-नेटवर्क पाहणारी संस्था) सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की अंतर्गत किंवा गोपनीय सरकारी माहिती गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या बाहेरच्या क्लाउडवर टाकायची नाही. आणि मोबाइलवरच्या स्कॅनर अ‍ॅपनं सरकारी कागद स्कॅन करायचे नाहीत, कॅमस्कॅनरचं तर नाव घेऊन लिहिलंय. ते अ‍ॅप तर जून २०२० मध्येच त्या ५९ चिनी अ‍ॅपसोबत बंद झालं होतं पण आमच्याकडे कितीतरी फोनमध्ये जुनी एपीके (बाहेरून टाकलेली अ‍ॅपची फाइल) अजून चालू आहे. उत्पन्नाचे दाखले, लाडकी बहीणचे फॉर्म, घरकुलाच्या यादीतले आधार, सगळं त्यातून निघालेलं. कागदाच्या खाली त्या अ‍ॅपचं नाव छापून येते ते पाहून घ्या.

बरं सूचना आहे, पण स्कॅनर मशीन दिली का? आमच्याकडं प्रिंटर आहे तो लाइन असली की चालते. हे कोणाले सांगावं.

सेलूचा_सोयाबीनवाला

हेच तं. वरून कागद येते, मशीन नाही येत.

बँकमित्र_आर्णी

मी लोकांना अंगठ्यावर पैसे काढून देतो, ग्राहक सेवा केंद्र आहे. आधार आणि पासबुक सोबत असण्यात काय बिघडते असं विचारणारे बरेच असतात म्हणून लिहितो. अंगठ्यानं पैसे काढायला लागतं काय? आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या त्या फोल्डरात एकत्र पडल्या होत्या. तिसरीसाठी काही राज्यांत चोरांनी रजिस्ट्रीच्या कागदावरचे अंगठे उचलून नकली ठसे केले आणि खाती रिकामी केली, पोलिसांनी पकडले पण आहेत. तुमच्या शेअर फॉर्मवर अंगठे असतील ना? ते पण त्याच फोल्डरात?

माझ्याकडे एक आजी येते, निराधारचे पैसे काढायला. महिन्याचे तेवढेच. ते गेले तर तिनं कोणाकडे जायचं? म्हणून मी सगळ्यांना आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठशाला कुलूप, करून देतो, पैसे काढायच्या वेळी थोडा वेळ उघडायचं. वेळ लागते, लाइन लागते, लोक चिडतात. तरी करतो. आणि कोणाचे पैसे गेलेच तर १९३० ला त्याच घडीला फोन, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

घाटंजीचा_हिशोबनीस

हो. अंगठे होते. त्याच फोल्डरात. हे वाचून हात गार पडले.

वणीचा_वकील

मग आता पुढचा प्रश्न, काय ठेवायचं आणि काय नाही. सभासदांची नोंदवही कंपनीला कायमची ठेवावी लागते, हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. ते कंपनी कायद्याचं बंधन आहे, ते पुसू नका. पण नोंदवही म्हणजे आधारचा फोटो नव्हे. एकदा माणूस पडताळला, नाव-पत्ता नोंदला, की आधारची पूर्ण प्रत कशासाठी हवी ते स्वतःला विचारा. ज्याचं उत्तर सापडत नाही ते काढून टाका. जिथं ओळख म्हणून प्रत लागेलच तिथं मास्क्ड आधार मागा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात, आधारच्या साइटवरून मोफत निघतं.

आणि पुढच्या वेळी फॉर्म घेताना वरच मराठीत दोन ओळी लिहा, ही माहिती कशासाठी घेतो, कुठं ठेवतो, तक्रार कोणाकडे करायची. कायद्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ही सूचना मागायचा हक्क दिलाय, मराठी त्यात आहेच. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा.

तेल्हारा_निरीक्षक

गुगलचा सर्वर अमेरिकेत असतो म्हणे, मग ते बेकायदा नाही का? भारतातलंच घ्यावं लागेल असं आमचे एक सर सांगत होते.

वणीचा_वकील

नाही. सरकारनं एखाद्या देशाला मनाई केली तर वेगळं, नाहीतर बाहेर ठेवायला या कायद्यानं बंदी नाही. सरकारी कामाचं परिचालक भाऊंनी सांगितलं ते वेगळं. खासगी संस्थेचा प्रश्न देश कोणता हा नाही, खातं कोणाचं हा आहे.

दारव्हा_टू_पुणे

आता हलवायचं कसं ते. पहिले कंपनीच्या नावानं खातं हवं. पैसे असतील तर स्वतःचं डोमेन (कंपनीच्या नावाचा वेबपत्ता) घेऊन गुगल वर्कस्पेस किंवा झोहो, म्हणजे संस्थांसाठीचं पैसे भरून घ्यायचं ईमेल-ड्राइव्ह, झोहो आपल्या देशातली कंपनी आहे आणि त्यांचे डेटा सेंटर मुंबई-चेन्नईला आहेत. त्यात फायदा हा की कर्मचारी गेला तर संचालक त्याचं लॉगिन बंद करतो आणि फाइली कंपनीकडेच राहतात. साध्या जीमेलमध्ये ती सोय नाही.

पैसे नसतील तर निदान कंपनीच्या नावाचं सिम, त्यावर नवीन जीमेल, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू. ती चालू केली की गुगल दहा बॅकअप कोड देतं आठ-आठ आकड्यांचे, ते छापून पाकिटात सीलबंद करा आणि अध्यक्षांच्या तिजोरीत ठेवा. म्हणजे उद्या तुम्ही सुट्टीवर गेले, आजारी पडले, तरी तुमच्या घरच्यांच्या दारात कोणी उभं राहणार नाही. हा कायमचा उपाय नाही, पण आजच्यापेक्षा कितीतरी बरा.

मग फाइली. ड्राइव्हवर मालकी बदलायची सोय आहे पण फोल्डरची मालकी दिली म्हणजे आतल्या फाइलींची जाते असं नाही, लोक तिथंच फसतात. त्यापेक्षा एकेका गावाचा फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा, नवीन खात्यावर चढवा, दोन्हीकडची संख्या जुळवा, मधल्या पाच-सहा फाइली उघडून पहा, आणि मगच जुन्यातून काढा. एकदम सगळं करू नका. रात्री अकरानंतर नेट बरं चालते आपल्याकडे, तेव्हा करा. कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत पण शेवटी पुसायची, ती विसरू नका.

काट्यावरच्या पोरांना लिंक नाही, नाव घालून परवानगी द्या, फक्त पाहण्याची. आणि त्यांना आधार दिसायची गरजच काय? सभासद क्रमांक, नाव, गाव, किती क्विंटल, एवढीच वेगळी शीट करा. हंगाम संपला की परवानगी काढा.

पुढं कागदाचा फोटो कॅमेऱ्यानं काढू नका. कंपनीच्या खात्यात ड्राइव्ह अ‍ॅप उघडून त्यातल्याच स्कॅन बटनानं काढा, तो थेट ड्राइव्हवर जातो, गॅलरीत येत नाही. टीव्हीवर पण मग येणार नाही.

सेलूचा_सोयाबीनवाला

वर्कस्पेसले महिन्याले पैसे, सिमले पैसे, संचालक देणार का? आमच्या बैठकीत चहाच्या बिलावर अर्धा तास जाते.

घाटंजीचा_हिशोबनीस

आमच्या बैठकीचं सांगतो. काल झाली. मी धागा छापून नेला होता, वकील साहेबांचं आणि बँकमित्र भाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. सुरुवातीला एक संचालक म्हणाले, हे मोठ्या कंपन्यांचं असते, आपल्याले कोण विचारते. मग मी अध्यक्षांना विचारलं, तुमचं पासबुक पण त्याच फोल्डरात आहे, लिंक दोन वर्षं उघडी होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, सिम आजच काढा, वर्कस्पेसचं पुढच्या बैठकीत घेऊ, सध्या दोन माणसांपुरतं. ठराव झाला, वहीत लिहिला. मी माझी चूक लेखी दिली, त्यांनी ती फाइलला लावली, बोलले नाहीत काही.

दुसरं, मी त्या काकूच्या घरी गेलो. सांगितलं की तुमचे कागद माझ्या घरच्या टीव्हीवर दिसले, चूक माझी आहे, आता काढले. तिला टीव्हीचं तेवढं काही वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, "मंग माहा कागद आता कोठी हाये?" मी सांगितलं कंपनीच्या कपाटात कागद, आणि कॉम्प्युटरात फक्त नाव अन् नंबर, फोटो नाही. तिचं बायोमेट्रिक लॉक करायचं आहे, तिचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही, तो जोडायला सोमवारी तालुक्याला घेऊन जातो.

बँकमित्र_आर्णी

सोमवारी आणताना जुना नंबर कोणता होता तो पण विचारून घ्या. बरेचदा पोराचा बंद पडलेला नंबर राहते.

घाटंजीचा_हिशोबनीस

पाच रात्री लागल्या. अकरा गावं. मोजणी जुळली, फक्त एका गावात चार फाइली कमी निघाल्या, त्या कोणीतरी दुसऱ्या गावात टाकल्या होत्या, सापडल्या. अंगठ्याचे फॉर्म फक्त कागदावर ठेवले. आधारचे फोटो काढले. उघड्या लिंकमुळे ज्या तीन गावांची माहिती बाहेर होती तिथं गावसभेच्या दिवशी जाऊन सांगायचं ठरलं, अध्यक्ष स्वतः येणार आहेत, बँकमित्र भाऊ तुम्ही आर्णीवरून येऊ शकाल का लॉकचं दाखवायला?

बँकमित्र_आर्णी

येतो. तारीख कळवा, मशीन घेऊन येतो.

दारव्हा_टू_पुणे

जुन्या खात्याचा ट्रॅश रिकामा केला का? ड्राइव्हवर काढलेलं ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, आणि फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस. दोन्ही वेगळे आहेत.

घाटंजीचा_हिशोबनीस

ड्राइव्हचा केला होता. फोटोजचा राहून गेला होता, आत्ता केला. खात्याच्या सुरक्षा तपासणीत कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत ते पण पाह्यलं, टीव्ही होता, पोराचा जुना फोन होता, आणि काट्यावरचा एक टॅब जो हंगामानंतर कोणी पाह्यलाच नव्हता. तिन्ही काढले. टॅब उद्या गोदामात जाऊन शोधतो.